धानोरवाडीची तिसरी पुकार

मित्रांनो, रूळ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं दूरवर गेलेली जोडी येते. मी मात्र एकटा आहे, जुना आहे आणि जेमतेम दीड हात उरलो आहे. अहमदपूरपासून पायी तासाभरावर धानोरवाडी नावाचं गाव आहे. तिथं ख्रिस्ती लोकांचं पत्र्याचं देऊळ आहे. त्या देवळापुढच्या कडुलिंबाला तारेनं टांगलेला लोखंडाचा तुकडा म्हणजे मी. जाता येता पोरं मला खडे मारतात. मारू देत बापडी! माझ्यावर हातोड्याचा एक टोला बसला की तीन शिवारांतली माणसं हातातलं काम टाकून मान वर करतात. एवढं ऐकायला लावणारा आवाज या पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाला नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो.

माझा जन्म विलायतेतल्या भट्टीत झाला. जहाजानं मुंबईला आलो आणि तिथून लातूरच्या छोट्या गाडीच्या मार्गावर मला अंथरलं. लोक तिला छोटी गाडी म्हणत. तिच्या चाकाखाली एकदा निजून बघा, मग सांगा छोटी की मोठी! कापसाच्या गासड्या, शेंगांची पोती, हळद लागलेले नवरदेव, तान्ही बाळं, सगळी माझ्या अंगावरून गेली. माझ्या शेजारी अडीच फुटांवर माझा जोडीदार होता. तीस वर्षांत आम्ही कधी गळ्यात गळा घातला नाही, पण एक बोटभर दूरही सरकलो नाही. आमच्यामध्ये लाकडी स्लीपर होते, ते दोघांना धरून असत.

आमची राखण करायला केरबा नावाचा गँगमन होता. तो धानोरवाडीचाच. रोज सकाळी हातोडी घेऊन तो मार्गानं चालत यायचा, आम्हाला ठोकायचा आणि कान द्यायचा. चांगला रूळ खणखणतो. आतून चिरलेला रूळ बद्द वाजतो. बद्द आवाज आला की केरबा गाडीच्या वाटेत लाल झेंडी धरून उभा राहायचा, मग गाडीत कुणी का साहेब बसलेला असेना.

पुढं मी झिजलो. मला उपटून ढिगावर टाकलं. त्याच सुमारास केरबाच्या पायावर स्लीपर पडला आणि त्याचीही नोकरी संपली. गावाकडं येताना त्यानं माझा एक तुकडा मागून घेतला आणि अहमदपूरच्या चांदपाशा लोहाराकडून त्याला भोक पाडून घेतलं. चांदपाशा हसून म्हणाला, “क्या केरबा, नौकरी छुटी, पटरी नहीं छुटी तुमची?” असा मी धानोरवाडीच्या लिंबाला लटकलो. केरबा देवळाची झाडलोट करी आणि मला वाजवी. उपासनेला तीन सावकाश टोले. मयताला एकेक, अंतरानं. आणि लग्नाला असा सपाटून घणघणाट की लिंबावरचे कावळे उडून जात.

या देवळात लग्नाची एक रीत आहे, ती तुम्हाला सांगायलाच हवी. लग्न ठरलं की पाळक लागोपाठ तीन रविवार भर उपासनेत उभा राहून ते जाहीर करतो. अमक्याचा अमका आणि तमक्याची तमकी यांचं लग्न ठरलंय, कुणाची हरकत असेल तर त्यानं आत्ता सांगावं, मागून बोलू नये. याला म्हणतात पुकार. पुकार झाली की पाळक थोडा वेळ थांबतो आणि सगळी मंडळी आपापल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत बसतात. इतक्या वर्षांत कुणी तोंड उघडलेलं मी पाहिलं नव्हतं. तिसऱ्या पुकारीनंतर केरबा बाहेर येऊन मला बडवायचा आणि लग्न पक्कं व्हायचं.

आमचे पाळक गुंडप्पा. बीदरकडचे, त्यांच्या मराठीला कानडी वळण होतं. माणूस लोण्याचा, पण शास्त्राच्या बाबतीत मोठा काटेकोर. त्यांनी ज्यांची लग्नं लावली त्यांत सरजा आणि व्यंकटी ही एक जोडी. सरजा देवळाच्या गल्लीतलीच मुलगी. बाप लहानपणी वारलेला, त्यामुळं कामाला वाघीण. व्यंकटी दिसायला देखणा, गाण्यात पुढं, बोलण्यात तर साखर. गुणी म्हणावा असा नव्हता, पण गोड होता आणि सगळ्यांना हवासा होता. गुंडप्पांनी दोघांचे हात एकमेकांत दिले आणि सांगितलं, “हे देवानी जोडलेलं आहे बरं का. माणसानी तोडायचं नाही.” दोघांनी सुखात नि दुःखात, भरल्या घरात नि रित्या घरात साथ देऊ असं शपथेवर म्हटलं. त्या दिवशी मी इतका वाजलो की तार तुटायची राहिली.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आडाचा तळ दिसला. जनावरं दावणीला बसली ती उठलीच नाहीत. सरकारनं पाझर तलावाचं काम काढलं आणि अख्खं गाव खडी फोडायला गेलं. सकाळी कामावर जायला मी वाजायचो, दुपारी खायला सुकडी वाटायला मी वाजायचो. व्यंकटीला खडी फोडणं जमेना. एके दिवशी तो म्हणाला, “निजामाबादेकडं काम बगून येतो. म्हैन्याभरात येतो.” खांद्यावर धोतराचं गाठोडं टाकून तो माझ्याखालून गेला, आणि महिना गेला, वर्ष गेलं, दुष्काळ सरून रानं हिरवी झाली तरी त्याचा पत्ता नाही, चिठ्ठी नाही, निरोप नाही.

दोन वर्षांनी व्यंकटीचा थोरला भाऊ ग्यानोबा एक निरोप घेऊन आला. म्हणाला, व्यंकटीला ही बायको नांदवायची नाही. पिढी दोन पिढ्यांपूर्वी ही सगळी घरं ख्रिस्ती झाली होती, पण जुन्या पंचायतीची सवय हाडात मुरलेली. ग्यानोबानं चार पंच बसवले, व्यंकटीच्या नावानं तुरीची काडी हातात घेतली आणि सरजासमोर कटकन मोडली. काडीमोड झाली, बाई सुटली, असं जाहीर करून सगळे चहा प्यायला गेले.

सरजा जागची हलली नाही. ती म्हणाली, “माझं लगीन काडीनं लागलं व्हतं का? मग काडीनं मोडतंय कसं?”

वा रे पठ्ठी! मला तर वाटलं आपणच घणघणावं. गुंडप्पांनाही भलताच आनंद झाला. त्यांनी पुढच्याच रविवारी सरजाचं उदाहरण देऊन उपदेश केला आणि मग आठ वर्षं तेच उदाहरण देत राहिले. लग्न म्हणजे काय, निष्ठा म्हणजे काय, ते सरजाकडं बघून शिका, असं म्हणत. सगळ्या बाया वळून तिच्याकडं बघत. गंमत बघा मित्रांनो, गल्लीच्या त्या टोकाला ती काडी मोडून सोडलेली बाई होती आणि देवळात ती लग्नाची बायको होती. नवरा मात्र दोन्हीकडं नव्हता. एकदा माझ्याखाली बसून ती केरबाला म्हणाली, “केरबा मामा, कौतुक ऐकून पोट भरत न्हाई. त्यानं दुसरी केली म्हनतात. खरं हाय का?”

केरबा मान खाली घालून म्हणाला, “मला काय ठावं बाई.”

त्याला ठावं होतं! आदल्याच वर्षी माळेगावच्या जत्रेत त्यानं व्यंकटीला डोळ्यांनी बघितलं होतं. सोबत बाई होती आणि खांद्यावर लेकरू होतं. गावात येऊन त्यानं ते कुणाला सांगितलं असेल? मला! खाली बसून, तंबाखू मळत, लोखंडाच्या तुकड्याला! सरजाला ऐकून वाईट वाटेल, असं त्याचं म्हणणं. माझा असा संताप झाला म्हणून सांगू. मला कुणी हातोडा मारल्याशिवाय बोलता येत नाही, आणि मारला तरी एकच शब्द येतो.

सरजानं पाळकांनाही विचारून पाहिलं. लग्नातून कायद्यानं मोकळं होता येतं का? गुंडप्पा म्हणाले, “जिल्ह्याच्या कोर्टात जावं लागतं, उस्मानाबादेला. जायला एक दिवस, यायला एक दिवस. साक्षीपुरावा लागतो. आणि पोरी, देवानी जोडलेलं आहे. थांब थोडं. तो येईल.”

सरजा थांबली. थांबता थांबता तिनं घर उभं केलं, आईला शेवटपर्यंत सांभाळलं, रात्रीच्या शाळेत जाऊन सही करायला शिकली. मग ब्याऐंशी साल उजाडलं आणि ऑगस्टात लातूर जिल्हा झाला. काय ती धामधूम! उस्मानाबादेचे हेलपाटे सुटले म्हणून लोकांनी पेढे वाटले. नवी ऑफिसं निघाली, अहमदपुरात मुलींचं सरकारी वसतिगृह निघालं आणि तिथं सरजाला स्वयंपाकिणीची कायमची ऑर्डर मिळाली. ऑर्डर घेऊन ती आधी माझ्याखाली आली आणि केरबाला कागद उलटा-सुलटा करून दाखवला. चाळिशीला आलेली बाई लहान पोरीसारखी हसत होती.

ही बातमी सगळीकडं गेली. पोळा झाला आणि व्यंकटी आला.

केस पांढरे झाले होते, पण बोलणं तेच. तो थेट पाळकांच्या पायाशी बसला. “साहेब, माझं चुकलं. मी माझ्या लग्नाच्या बायकोकडं आलो.” गुंडप्पांच्या डोळ्यांना धारा लागल्या. इतकी वर्षं ते सांगत होते की तो येईल, आणि तो आला! ज्यानं स्वतःच्या हातानं काडी मोडली तो ग्यानोबा हार घेऊन पुढं झाला. म्हणाला, “ती काडी आमी मोडली व्हती साहेब, देवानं न्हाई. मानसानं तोडू ने, ह्ये तुमीच शिकीवलं ना?” घ्या! याच माणसानं आता शास्त्र शिकवावं! पण कुणाला ते खटकलं नाही. बायांनी शेवया रांधायला घेतल्या. खरं सांगतो, मलाही वाटलं, चला, एक घणघणाट होऊन जाऊ दे.

संध्याकाळी सरजा वसतिगृहावरून आली तर दारात हे सगळं गाव. व्यंकटी पुढं झाला. “सरजा, झालं गेलं इसर. घरी चल.” घर तिचं, तिनं बांधलेलं, आणि हा म्हणतो घरी चल!

गुंडप्पा म्हणाले, “पोरी, तुझी निष्ठा जिंकली. क्षमा कर त्याला.”

सरजानं त्याच्या तोंडाकडं बघितलं. नाही म्हणावं तर आठ वर्षांचं देवळातलं नाव जातं, पाळकांचा शब्द मोडतो. हो म्हणावं तर ज्याचा दहा वर्षांचा हिशोब कुणी दिला नाही असा माणूस जन्मभरासाठी चुलीपाशी बसतो. शेवटी ती म्हणाली, “पाळकसाहेब, पुकार करा.”

“कसली पुकार? तुमचं लग्न झालेलं आहे की!”

“झालं तवा तीन रविवार इचारलं व्हतं. त्याच्या मागून ह्यो दहा वर्सं कुठं व्हता, कुनासंगं व्हता, मला कुनी सांगत न्हाई. म्हनून पुन्ना इचारा. कुनाचीच हरकत न्हाई निघाली तर मी ह्याला घरात घेते. देवापुढं सबूद देते.”

गुंडप्पा बुचकळ्यात पडले. नवरा परत आल्याची पुकार त्यांच्या सबंध पाळकीत कुणी मागितली नव्हती. पण शास्त्रात मनाई कुठं आहे, हे त्यांना सापडेना. व्यंकटी हसून म्हणाला, “करा की! कोन हरकत घेनार? समदं गाव खुश हाय.”

पहिल्या रविवारी पुकार झाली. सगळ्यांनी अंगठ्याकडं बघितलं. सरजा मात्र मागं वळून एकेकाच्या तोंडाकडं बघत होती. केरबा पार भिंतीला चिकटला होता. दुसऱ्या रविवारीही तेच. बाहेर आल्यावर माणसं एकमेकांत कुजबुजत होती, कारण जत्रेत बघणारा केरबा काही एकटा नव्हता. कुणी व्यंकटीला वीटभट्टीवर बघितलं होतं, कुणी एसटीत. पण जुळत असलेला संसार आपण कशाला मोडावा, असं ज्याला त्याला वाटत होतं. पुण्याचं काम करतोय असंच जो तो समजत होता.

सोमवारी केरबा विळ्याला धार लावायला अहमदपूरला चांदपाशाकडं गेला आणि तिथं त्याला राहवलं नाही. सगळं ओकून मोकळा झाला. चांदपाशानं भाता थांबवला. “आणि तू देवळात कामून बोलला नाहीस?”

“आमच्यातली गोष्ट हाय, पाशाभाई. मोडता कसा घालू?”

“माझी बिलकीस नायगावला दिलेली, तुला माहीत आहे. तिच्या घरामागंच ती वीटभट्टी. तिथं भामाबाई नावाची बाई दोन लेकरं घेऊन रोज एसटी स्टँडवर जाऊन बसते, नवरा येईल म्हणून. तुमचं देऊळ तुमचं, केरबा. माझं तोंड माझं आहे. बुधवारी मी लेकीकडं चाललोय.”

केरबा गावात आला तो थेट माझ्याखाली बसला. ही सगळी हकीकत त्यानं मलाच सांगितली, दुसऱ्या कुणाला नाही.

तिसऱ्या रविवारी देऊळ दारापर्यंत भरलं. केरबानं मला तीन टोले दिले आणि आत गेला. उपासना अर्ध्यावर आली तोच रस्त्यावरून एक बाई येताना दिसली. कडेवर पोरगी, बोटाला पोरगा, पाय धुळीनं माखलेले. अहमदपूरच्या स्टँडवरून ती चालतच आली होती. दाराशी चपला काढाव्यात की नाही तेही तिला कळेना. तेवढ्यात आत गुंडप्पांनी पुकार केली. “व्यंकटी आणि सरजाबाई पुन्हा एकत्र राहणार आहेत. कुणाची हरकत असेल तर आत्ता सांगा, मागून बोलू नका.”

“माझी हाय,” ती दारातूनच म्हणाली.

सगळ्या माना दाराकडं वळल्या. व्यंकटी उठून उभा राहिला आणि पोरगा “आबा!” म्हणून धावत जाऊन त्याच्या पायाला बिलगला. आता कुणी साक्षीपुरावा मागायचं कारण उरलं नाही.

भामाबाई पाळकांना म्हणाली, “मी तुमच्या धर्माची न्हाई, म्हाराज. ह्यानं माझ्यासंगं पाट लावला. पैल्या बायकोची काडीमोड झाली म्हनला, म्हनून मी व्हय म्हनलं. आट वर्सं झाली. पोळ्याच्या दुसऱ्या दिशी घरातून गेला.”

सरजा उठली. ओरडेल, झिंज्या धरेल, असं सगळ्यांना वाटलं. तिनं फक्त विचारलं, “जाताना तुला काय सांगून आला?”

“नवा जिल्हा झालाय, तिकडं काम बगून येतो म्हनला. म्हैन्याभरात येतो.”

सरजा मटकन खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. दहा वर्षांत तिला कुणी रडताना पाहिलं नव्हतं. मग तिनंच डोळे पुसून कोपऱ्यातल्या माठातलं पाणी आणून भामाबाईच्या लेकरांना पाजलं.

आणि आमचा केरबा! तो लंगडत मधोमध आला. “साहेब, मला सा वर्सांपासून ठावं व्हतं. मी गँगमन हाय. चीर दिसली की लाल झेंडी दावायची, येवढंच मला आयुष्यात येतंय, आन् म्या तीच दावली न्हाई. सरजा, मला जोड्यानं मार.” त्याच्या मागून आणखी दोघं तिघं उठले आणि आम्हालाही माहीत होतं म्हणाले.

गुंडप्पांचा चेहरा पडला होता. त्यांनी पुस्तकावर हात ठेवला. बोलायला लागले तेव्हा कानडी हेल आणखी वाढला होता. “अय्यो, मी केवढी चूक केली! बायकोला सोडून द्यावं की नाही, असं लोकांनी प्रभूला विचारलं. प्रभू म्हणाला, तुमची मनं कठीण म्हणून तुम्हाला ती सूट होती, मुळात तसं नव्हतं. हे तो कुणाला बोलला? हातात सोडचिठ्ठी देऊन बायकोला दाराबाहेर काढणाऱ्यांना बोलला. बाई वाऱ्यावर पडू नये म्हणून बोलला. आणि मी ते शब्द उचलून हिच्याच पायात बांधले. हिला इतकी वर्षं सांगितलं, थांब. ग्यानोबाला पत्ता विचारून, त्याच्याकडं जाऊन एकदा तरी सांगितलं का, तुझी बायको आहे, चल? नाही सांगितलं. एसटीनं चार तास लागतात. व्यभिचार झाला तर बांधलेलं सुटतं, हेही प्रभूच सांगून गेलाय. ते मी तुम्हाला कधी वाचून दाखवलं नाही, कारण मला भीती होती.” मग ते सरजाकडं वळले. “पोरी, जोडलेलं यानी तोडलं. तू नाही तोडलं. आता तू सांगशील तसं.”

व्यंकटी गयावया करायला लागला. “सरजा, येकदा माफ कर. क्षमा करावी म्हनतात ना?”

“केली,” सरजा म्हणाली. “आत्ता, ह्या घडीला केली. माफी येगळी आन् संसार येगळा. माझ्या घरात तू यायचा न्हाईस. ही दोन लेकरं तुझी हायत, त्यांचं बग.”

ग्यानोबा हळूच मागच्या दारानं निघाला होता, त्याला गुंडप्पांनी हाक मारून थांबवलं. पाळकांनी दोघा भावांकडून लेकरांच्या शाळेसाठी बापाचं नाव लिहून घेतलं आणि त्याच दुपारी व्यंकटीला भामाबाईसोबत नायगावच्या वाटेला लावलं. भामाबाई जाताना म्हणाली, “ह्याला घरात घ्यायचं का न्हाई, त्ये मी आता इच्यार करून ठरवीन.” शाबास! त्या दिवशी केरबानं मला वाजवलं नाही, पण इतक्या अभिमानानं मी कधी लटकलो नव्हतो.

सरजा कोर्टात गेली. आता उस्मानाबाद नव्हतं, लातूर होतं. सकाळच्या एसटीनं जायचं, संध्याकाळी घरी. दर तारखेला गुंडप्पा तिच्यासोबत गेले आणि साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून त्यांनी स्वतःची चूकही सांगितली. केरबानं साक्ष दिली. नायगावहून येऊन भामाबाईनंही दिली. काही ज्येष्ठ मंडळी पाळकांवर नाराज झाली. पाळकच कोर्टात घटस्फोटाची साक्ष देतो, देवळाची अब्रू गेली, असं म्हणाली. गुंडप्पा त्यांना म्हणाले, “लग्न पवित्र आहे असं मी आजही सांगतो, मरेपर्यंत सांगेन. म्हणून तर खोट्या लग्नाला खरं म्हणणार नाही.” ख्रिस्ती घटस्फोटाच्या निकालावर वरच्या कोर्टाचाही शिक्का लागायचा, तो पडायला आणखी दोन वर्षं गेली. मग एके दिवशी सरजा तो कागद घेऊन आली. तिनं दुसरं लग्न केलं नाही. करायचं असतं तर गुंडप्पा लावून द्यायला तयार होते, पण ती म्हणाली, सध्या वसतिगृहातल्या साठ पोरींना भाकरी थापण्यातून सवड नाही.

मित्रांनो, त्यानंतर देवळात कर्णा आला. आता उपासनेला बोलवायला माझी गरज पडत नाही. मयताची बातमीही कर्ण्यावरूनच सांगतात. माझ्यावर गंज चढला आहे आणि तार कुणी बदललेली नाही. म्हाताऱ्या वस्तू अशा वेळी तुम्हाला म्हणतात, आमची काळजी घ्या, आम्हाला तेलपाणी करा. मी तसलं काही मागणार नाही. गंजलो तरी आणखी शंभर वर्षं पडणार नाही मी! माझी विनंती वेगळीच आहे. मला टोला पडल्याशिवाय बोलता येत नाही. तुम्हाला देवानं जीभ दिली आहे. पुकार झाली की अंगठ्याकडं बघू नका. कुणाचं घर जोडायचं असेल तर खरं बोलून जोडा, गप्प बसून नको.

आमच्या धानोरवाडीत आता तसं कुणी बसत नाही. तिसऱ्या पुकारीला इथं तासभर लागतो. मंडळी नवरदेवाला उभं करून भंडावून सोडतात आणि बिचाऱ्याचा सदरा घामानं भिजतो. शेवटी गुंडप्पा सरजाबाईकडं बघतात. ती उठते आणि एकच विचारते, “दुस्काळ पडला तर काय करशील?” बहुतेक पोरं छाती काढून सांगतात, जीव देईन, उपाशी राहीन, डोंगर फोडीन. सरजाबाई त्यांना खाली बसवते आणि म्हणते, पुढच्या रविवारी ये, इच्यार करून ये.

परवा उदगीरकडचा एक नवरदेव आला होता, मडिवाळप्पा नावाचा. हडकुळा, लाजरा, मान वर करेना. तो खूप वेळ विचार करत उभा राहिला. लोक हसायला लागले. शेवटी तो म्हणाला, “ठावं न्हाई, बाई. पन जे करीन ते हिला इचारून करीन.”

सरजाबाईनं दाराकडं तोंड केलं आणि मोठ्यानं हाक दिली, “केरबा मामा, वाजवा!”